लेक रात्र-रात्र जागून चिलखत बनवते, तिला थांबवू का?

पत्र :

स. न. वि. वि. मी शिवाजी पेठेत राहतो. नोकरीची सगळी वर्षं उद्यमनगरात फौंड्रीचे लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने) बनवण्यात गेली, आता घरीच असतो. मुलगी चोवीस वर्षांची, बी.कॉम. करून एका सीएंच्या ऑफिसात आहे. स्वभावानं अबोल. दिवाळीपासून तिला एक खूळ लागलंय. कुठल्याशा जपानी कार्टूनमधली तलवारवाली मुलगी आहे, तिचा वेश ही घरात बनवते. रात्री बारापर्यंत कापाकापी, पसारा, जळका वास. पगारातले पैसे त्यात जातात. तिची आई तिला सामील. असे वेश करणाऱ्यांचा मुंबईला मेळावा असतो म्हणे, तिथं जायचं म्हणते. आम्हीही तरुणपणी तालमीच्या गणपतीत सजीव देखावा केला, मी तानाजी झालो होतो. पण ते इतिहासाचं, देवापुढचं काम. हे काय? मोठ्या माणसांना असलं का आवडावं? हिला आपलं स्वतःचं असणं आवडत नाही का, अशी भीती वाटते. स्थळं बघायला सुरुवात केली आहे. चार लोकांनी फोटो बघितले तर काय म्हणतील? तिला थांबवू का?
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर :

दादा, नमस्कार.

थांबवू नका, हे आधीच सांगून टाकते. पैसे, लोक, स्थळं यांविषयी पुढं बोलूच. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य बाकी सगळ्याहून मोठं आहे : ‘हिला आपलं स्वतःचं असणं आवडत नाही का?’ लेकीवर जीव असलेल्या बापाची ही भीती आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही तानाजी झालात तेव्हाचं आठवा. संध्याकाळी तालमीत तोंडाला रंग लागायचा, मिशी चिकटवली जायची, ती ओढ धरली की हसायचीही चोरी. दोरीपलीकडं माणसांची रीघ. संवाद सुरू झाले की तुम्ही ढाल उचलायचात. प्रसंग संपला की गर्दी पुढं सरकायची, नवी माणसं यायची, आणि तोच प्रसंग पुन्हा तेवढ्याच जोरात. तेव्हा तुम्हाला स्वतःचा वीट आला होता म्हणून तुम्ही तानाजी झालात का? मला नाही वाटत. ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, अंगात भिनलेली. एकदा ती नुसती ऐकायची सोडून अंगाखांद्यावर घ्यावी असं वाटलं असेल. आणि छाती काढून उभं राहायचं बळ काही त्या मिशीत नव्हतं. ते तुमच्यातच होतं, वेशानं त्याला बाहेर यायला वाट करून दिली.

तुमच्या लेकीचं तेच चाललंय. याला कॉस्प्ले म्हणतात. या नादातल्या ज्या मुलामुलींशी माझं बोलणं झालंय, त्यांतलं जवळजवळ कुणीच ‘मला दुसरं कुणीतरी व्हायचंय’ म्हणून वेश करत नाही. त्यांचा एखाद्या पात्रावर जीव जडलेला असतो, आणि त्या पात्रातलं काहीतरी आपल्यातही आहे, हे त्यांना कुठंतरी जाणवलेलं असतं. दिवसभर व्हाउचर आणि जीएसटीचे आकडे जुळवणारी, कुणाला उलट न बोलणारी तुमची मुलगी इतक्या सगळ्या पात्रांमधून हातात तलवार असलेली मुलगी निवडते. ही निवड उगीच झालेली नाही.

त्या पात्राचं नाव तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक नसावं असा माझा अंदाज आहे. मग आज जेवताना विचारा. तिचं नाव काय, ती कुणाशी लढते, तिच्यावर काय गुदरलं, तुला तीच का आवडली? उलटतपासणीचा सूर नको, गोष्ट ऐकायला बसल्यासारखं विचारा. अबोल माणसाला ‘कशी आहेस’ म्हटलं तर ‘बरी आहे’ म्हणून विषय संपतो. आवडत्या पात्राबद्दल विचारलं तर तोच माणूस ताट वाळेपर्यंत बोलत राहतो, आणि बोलता बोलता स्वतःबद्दलचंही बरंच सांगून जातो. तुमच्या भीतीचं खरं उत्तर माझ्यापेक्षा त्या बोलण्यात मिळेल.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं आणि वाटलं तर मध्येच उठून खेळायला बाजूला टॅब ठेवला. काही मुलांना सांगितलं, तू आता बॅटमॅन आहेस, किंवा तुझ्या आवडीचं दुसरं पात्र. त्या पात्राची एखादी वस्तू अंगावर चढवायला दिली आणि म्हटलं, मधूनमधून स्वतःला विचार, ‘बॅटमॅन नेटानं काम करतोय का?’ हीच मुलं कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली. अभ्यास लहान मुलांचा आहे, तो चोवीस वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावणार नाही मी. पण स्वतःकडं एखाद्या आवडत्या पात्राच्या जागेवरून बघितलं की धीर येतो, हे तुम्ही तानाजी होऊन अनुभवलेलं आहे.

आता त्या जळक्या वासाबद्दल. तो हीट गनचा (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचा) आणि तापलेल्या फोमचा असणार, कारण घरी बनवलेली चिलखतं बहुतेक ईव्हीए फोमची असतात. स्लीपरच्या तळव्याला असतो तोच हलका फोम. चपलांच्या गावात त्याची शीट मिळायला अडचण नाही. काम कसं चालतं ते सांगते, कारण बंद दाराबाहेरून फक्त पसारा दिसतो. आधी खांद्यावर प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर चिकटपट्ट्या लावतात, पेनानं रेषा मारतात, मग ते रेषांवर कापून सपाट करतात. हा झाला नमुना. तो फोमवर ठेवून कटरनं कापायचा, पातं थोडं तिरकं धरून, म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा जुळल्या की कोन येतो. मग हीट गन. फोमची बारीक छिद्रं मिटतात, वरचा भाग किंचित चकाकतो, आणि तो मऊ आहे तोवर गुडघ्यावर नाहीतर पातेल्यावर दाबून धरला की गार होताना तोच बाक धरून बसतो. जोडाच्या दोन्ही कडांना सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गम, लावून थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. घाई केली की जोड सुटला. वरून प्रायमर, मग चंदेरी रंग, आणि शेवटी पातळ काळा रंग फासून लगेच फडक्यानं पुसायचा. काळा रंग खाचांमध्ये तेवढा राहतो, आणि कोरं चिलखत चार लढाया बघितल्यासारखं दिसायला लागतं.

पॅटर्न बनवणाऱ्या माणसाला यातलं काय नवीन आहे? धातू गार होताना आकसतो, म्हणून तुम्ही श्रिंकेज धरून पॅटर्न मापाहून मोठा करायचात. तिच्या फोमची जाडी आतल्या बाजूला जागा खाते, म्हणून तिलाही माप वाढवून घ्यावं लागतं. कुणी शिकवलं नाही, कॉलेजात हा विषय नव्हता, आणि तरी तुमच्या घरात तुमच्या नंतर मापाचं काम हातात घेणारी ती निघाली. या नादातला किती आनंद नुसत्या बनवण्यात असतो, हे बाहेरच्यांना कळत नाही, तुम्हाला कळेल. दिवसभर स्क्रीनवरचे आकडे हलवायचे, ते संध्याकाळी हातात धरता येत नाहीत. रात्री बनवलेला खांदा हातात धरता येतो, फसला तर दिसतो, जमला तरी दिसतो. कितीतरी जण तर वेश एक-दोनदाच घालतात आणि लगेच पुढच्याच्या मागं लागतात.

‘हे देवापुढचं काम नाही’ हा तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. देखाव्यात आणि यात फरक आहेच. पण तो फरक मला दुसरीकडं दिसतो. तुम्ही तानाजी झालात तेव्हा समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तानाजी माहीत होता. शेलारमामा कोण, दोर का कापले, पुढं काय होणार, लहान पोरालाही ठाऊक. तुम्ही ढाल उचललीत की अख्ख्या पेठेनं तुम्हाला ओळखलं. वेश करण्याचा आनंद त्या ओळखण्यानं पुरा होतो. तुमच्या लेकीचं पात्र पेठेत कुणाला माहीत आहे? गल्लीत नाही, ऑफिसात नाही, घरातही नाही. ती गोष्ट तिनं मोबाइलवर एकटीनं बघितली, एकटीनं तिच्यासाठी रडली-हसली, आणि आता चिलखतही बंद खोलीत एकटीच बनवतेय. तुम्हाला आख्खी तालीम होती, तिला एक खोली आहे.

म्हणून तिला मुंबईला जायचंय. तिथं कुणीतरी लांबूनच त्या पात्राच्या नावानं हाक मारेल, धावत येईल, म्हणेल, हा खांदा कसा केलास गं? अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करायची हा अबोल माणसाला आयुष्यभर पडलेला प्रश्न. वेश केला की तो सुटतो, कारण पहिलं वाक्य समोरचा बोलतो, आणि तेही तिला मनापासून आवडणाऱ्या विषयावर. मग फोटोसाठी ती त्या पात्रासारखी पाय रोवून, मान ताठ करून उभी राहील. ती उभं राहण्याची ढब आरशासमोर तिनं कितीदा तरी करून बघितली असेल. अशा मेळाव्यांत मुकी वाटणारी मुलं तास-तास बोलताना मी बघितली आहेत, गमपासून टाक्यांपर्यंत आणि तिथून घरच्या गोष्टींपर्यंत.

आणि हे सगळं काल-परवाचं आहे असंही समजू नका. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथं फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस असे दोघं जण भविष्यकाळातल्या माणसांचा पोशाख करून आले. दोन्ही पोशाख मर्टलनं स्वतः शिवलेले होते. पुढच्या संमेलनांमध्ये ती प्रथाच पडली. जपानमध्ये १९८०च्या दशकात याला कॉस्प्ले हे नाव मिळालं. तिथल्या नागोया शहरात २००३ पासून याचा मोठा आंतरराष्ट्रीय सोहळा होतो आणि देशोदेशींचे लोक आपापले वेश घेऊन येतात. आपल्याकडं दिल्लीत २०११ मध्ये पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा, झालं, मग ते मुंबईसारख्या शहरांत पोचलं.

पण कोल्हापूरकराला न्यूयॉर्क-नागोयाचे दाखले कशाला? शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारलं. पुढं त्याला ज्यांचं नाव दिलं ते गायक-नट केशवराव भोसले याच मातीतले. बालगंधर्वांचा गळा हेरून त्यांना किर्लोस्कर नाटक मंडळीत पाठवण्यातही महाराजांचा हात होता. १९२१ मध्ये मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ नाटक झालं, तेव्हा केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. त्या काळात बालगंधर्व रंगमंचावर नेसायचे तशी नेसण, माळायचे तशी फुलं घरोघरच्या बायकांनी उचलली. नाटकातल्या एका कल्पित नायिकेचं रूप त्या बायकांना स्वतःच्या अंगावर बघावंसं वाटलं. तेव्हाही चार लोकांनी नाकं मुरडली असतील. त्या बायका आपल्या पणज्या-खापरपणज्या, आणि त्यांना स्वतःचं असणं आवडत नव्हतं असं आपण म्हणत नाही. आपल्याकडं तर नवरात्रात अंबाबाईची पूजा रोज वेगळ्या रूपात बांधतात आणि आज कोणतं रूप आहे ते बघायला सगळं गाव लोटतं. रूप पालटलेलं बघण्यातला आनंद या गावाच्या ओळखीचा आहे.

काळजी कधी करायची तेही सांगते. कामावर जाणं सुटलं, जेवणखाण-झोप बिघडली, असलेल्या मैत्रिणीही तुटल्या, कर्ज काढून खर्च व्हायला लागला, किंवा वेश उतरवल्यावर ती आरशात स्वतःकडं बघायलाच टाळायला लागली, तर गप्प राहू नका. तिच्याशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाकडं घेऊन जा. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. ती कामावर जाते, आईशी जुळवून घेते, स्वतःच्या पगारातून खर्च करते, आणि एक अवघड काम इतके दिवस न सोडता करते आहे. रात्री बाराला झोपणाऱ्या मुलीला सकाळी ऑफिस असतं, एवढीच ती काय काळजी. ते आईनं सांगितलं तर ऐकेल.

पैशाचं म्हणाल, तर सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तिलाही कळतं, ती हिशेबाच्या ऑफिसातच बसते. महिन्याला किती खर्चायचे हा आकडा तिला स्वतःला ठरवू दे. तुम्ही ठरवलात तर ती पावत्या लपवायला शिकेल.

दोन-तीन गोष्टींचा मात्र बापानं आग्रह धरावा. हीट गन, सोल्यूशन, स्प्रेचा रंग हे बंद खोलीत नको. खिडक्या उघड्या हव्यात, जमलं तर गच्चीवर, आणि तोंडाला त्या वाफांसाठीचा मास्क, साधा कापडी चालत नाही. डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या लेन्स ऑनलाइन मागवून घालू नयेत, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. डोळ्याला जखम होऊन जंतुसंसर्ग झाला तर नजरेवर बेततं. आणि मेळाव्यात कुणी न विचारता अंगाला हात लावला किंवा नको तसा फोटो काढायला लागला, तर ठणकावून नाही म्हणायचं आणि आयोजकांकडं जायचं. वेश केला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. हे तिला आईनं सांगितलं असेल, तरी एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे. बाप पाठीशी आहे हे कळलं की नाही म्हणणं सोपं जातं.

स्थळांबद्दल माझं मत तुम्हाला पटेलच असं नाही. लपवू नका. फोटो कुणाला दाखवायचे हा निर्णय तिचा, पण स्थळ बघायला आलं आणि तुमची मुलगी काय करते असं विचारलं, तर सीएंच्या ऑफिसाबरोबर हेही सांगा, आणि मान वर करून सांगा. तिनं स्वतःच्या हातानं काय काय बनवलंय ते सांगा. ज्या घराला हे ऐकून हसू येईल, ते घर लग्नाआधी कळलेलं बरं. लपवून लग्न झालं, तर ते चिलखत पोत्यात बांधून माळ्यावर जाईल, आणि तिचं बोलणं आहे त्याहून कमी होईल. ‘चार लोक’ म्हणाल, तर तुमच्या पेठेतले चार लोक तालमीच्या देखाव्यांवरच वाढलेले आहेत. तुम्ही कसं सांगता त्यावर ते कसं घेतात हे बरंचसं ठरेल. ‘पोरीला खूळ लागलंय’ म्हणालात तर ते खूळच म्हणतील.

राहिली मुंबई. तिला एकटीला पाठवायचा जीव होत नसेल तर ‘जाऊ नको’ म्हणण्यापेक्षा ‘मी येऊ का बरोबर?’ असं विचारा. ती मैत्रिणींबरोबर जाते म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, स्टेशनवर सोडायला जा. हो म्हणाली तर जरूर जा, आणि तिथल्या गर्दीत लांब उभं राहून बघा कोण कोण तिला ओळखतं ते. अर्थात त्यांच्या आधी घरात कुणीतरी ओळखलेलं बरं. या आठवड्यात एका संध्याकाळी तिच्या खोलीचं दार वाजवून आत जा, त्या पात्राची एखादी गोष्ट तिच्याबरोबर बसून बघा, समजलं नाही तिथं विचारा.

सामानाचं नियोजन आतापासून लागेल. अशा ठिकाणी धातूची हत्यारं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळं तलवार फोमची किंवा हलक्या लाकडाची हवी. अखंड केली तर गाडीत बर्थखाली मावणार नाही. मधे जोड लागेल, आणि उभं राहिल्यावर तो हलता कामा नये. दोन भागांच्या पॅटर्नला तुम्ही डॉवेल (जोडाची खुंटी) बसवायचात तसा बसवून द्या, तिच्याकडं फोमचे जोड आहेत, लाकडाचे तुमच्याकडं. आणि मेळाव्याची तारीख कळली की लगेच महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्वेशन करा, शनिवार-रविवारला जोडून आयत्या वेळी तिकीट मिळत नाही.